टियागो ईव्ही: सातारा-कराड रोजची ये-जा आणि खर्चाचा पूर्ण हिशेब

‘किलोमीटरला रुपयाच पडतो ना हो मॅडम?’ टायरमध्ये हवा भरायला पंपावर थांबले की हा प्रश्न हमखास येतो. स्टाफरूममध्ये येतो, लग्नाच्या पंगतीतही येतो. विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. माझं उत्तर मात्र दर वेळी लांबतं, कारण माझ्या याच विजेच्या गाडीचा, याच रस्त्यावरचा खर्च मी किलोमीटरला ४० पैसे पाहिला आहे, २ रुपये ३९ पैसे पाहिला आहे आणि ३ रुपये ३७ पैसेही. गाडी तीच, चालवणारी मीच. वीज कुठून घेतली, एवढाच काय तो फरक.

मी कराडला कॉलेजात कॉस्ट अकाउंटिंग शिकवते आणि राहते साताऱ्यात. जाऊन-येऊन १०५ किलोमीटर होतात. बसने ही ये-जा मी बरीच वर्षं केली, मग पेट्रोलची गाडी वापरली आणि २०२३ च्या मध्यावर टाटाची टियागो ईव्ही घेतली. २४ युनिटची म्हणजे मोठी बॅटरी. गाडीचं मीटर आता साठ हजारांच्या घरात आहे, म्हणून नवेपणाच्या कौतुकाच्या पलीकडे जाऊन काही सांगता येईल असं वाटतं.

गाडी कशी आहे ते आधी थोडक्यात. चालवायला फार सुखाची आहे. शेंद्र्याहून पुढे सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळवलेले रस्ते, खडी, समोर ऊस भरलेला ट्रॅक्टर. अशा ठिकाणी क्लच-गिअर नसणं म्हणजे काय, हे संध्याकाळी घरी उतरल्यावर गुडघ्याला कळतं. ओव्हरटेक करताना पायाखाली ताकद लगेच मिळते. डिकी लहान आहे, पण आम्हा तिघांच्या बॅगा बसतात. मागच्या सीटवर सासूबाई पुण्यापर्यंत आरामात येतात, त्यांची तक्रार नाही, आणि त्यांची नसली म्हणजे घरात कुणाचीच नसते. गाडीबद्दल एवढं पुरे. लोकांना हवा असतो तो हिशेब, आणि मलाही त्यातच जास्त रस आहे.

आधी गाडी एका युनिटमध्ये किती जाते ते पाहू. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच युनिट, एक किलोवॅट तास. कंपनीने गाडी बाजारात आणली तेव्हा ३१५ किलोमीटरचा आकडा दिला होता. तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो, पेट्रोल गाड्यांच्या मायलेजसारखाच. महामार्गावर ७५-८० च्या वेगाने, एसी लावून, मला बॅटरीतल्या एका युनिटला साधारण ८ किलोमीटर मिळतात. म्हणजे पूर्ण बॅटरीत १८०-१९०. काटा शंभरावर नेला की हाच आकडा दीडशेकडे घसरतो, कारण वेग वाढेल तसा हवेचा विरोध फार झपाट्याने वाढतो. साताऱ्यात शहरातल्या शहरात फिरले तर ९ सुद्धा मिळतात.

पण खर्च काढायचा तर गाडीच्या पडद्यावरचं ‘८’ धरून चालत नाही. भिंतीतून निघालेली सगळी वीज बॅटरीत पोहोचत नाही. चार्जिंग करताना काही गरम होण्यात जाते, काही गाडीची स्वतःची यंत्रणा खाते. आमच्या चार्जिंगच्या वायरवर मी वेगळा छोटा मीटर बसवून घेतला आहे. त्यावर साधारण दहा-बारा टक्के जास्त युनिटं पडतात. म्हणून भिंतीकडून मोजलं तर एका युनिटला ७ किलोमीटर. बिल भिंतीकडून येतं, तेव्हा हा सातचाच आकडा खरा धरायचा. रोजचे १०५ किलोमीटर म्हणजे १५ युनिटं. रविवारची फिरती धरून महिन्याला अडीच हजार किलोमीटर आणि ३५० युनिटं.

आता खरी गोष्ट. आपल्या महावितरणच्या घरगुती बिलात स्लॅब असतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण गाडी घेताना त्यांचा विचार फार कमी लोक करतात. २०२४-२५ या वर्षाचे दर घेते, कारण माझा पूर्ण वर्षाचा पहिला हिशेब त्यावरच आहे. वहन आकार (वीज तारांमधून घरापर्यंत आणण्याचा खर्च) धरून पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये ८८ पैसे. १०१ ते ३०० ला ११ रुपये ४६ पैसे. ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे. पाचशेच्या वर १७ रुपये ८१ पैसे. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. पुढे दर बदलले, यापुढेही बदलत राहतील, पण जास्त वापराला जास्त दर ही रचना कायम आहे.

आमच्या घरी गाडीच्या आधी महिन्याला १८० युनिटं जळायची. दोन पंखे, फ्रिज, गिझर, पाण्याची मोटर, मुलीचा कॉम्प्युटर. गाडीची ३५० त्यावर चढली की एकूण ५३० होतात. इथे बरेच जण एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागतात आणि ‘सरासरी चौदा-साडेचौदा रुपये पडले’ म्हणून मोकळे होतात. ही पद्धत चुकीची आहे. घरचा फ्रिज आणि गिझर गाडी असली काय नि नसली काय, चालणारच होते. स्वस्तातली पहिली युनिटं त्यांनी आधीच वापरलेली आहेत. गाडीच्या वाट्याला येतात ती वरची, महागडी युनिटं. म्हणून गाडीचा खर्च म्हणजे गाडीमुळे बिलात पडलेली भर. आमच्याकडे ती अशी येते: १८० युनिटांचा वीज आकार १,५०५ रुपये, ५३० युनिटांचा ६,५५८. फरक ५,०५३. त्यावर १६ टक्के शुल्क धरून ५,८६० च्या आसपास. भागिले ३५०, म्हणजे युनिटला पावणेसतरा रुपये. सातने भागलं की किलोमीटरला २ रुपये ३९ पैसे.

हे गणित मी दरवर्षी एस.वाय.च्या वर्गात फळ्यावर मांडते. सीमांत खर्च, म्हणजे जादा वापरामुळे खर्चात पडणारी भर, शिकवायला पुस्तकातल्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्यापेक्षा स्वतःचं वीजबिल केव्हाही चांगलं. बिलाच्या मागची बाजू मुलं त्या दिवशी पहिल्यांदाच नीट वाचतात, आणि घरी जाऊन आईवडिलांना समजावून सांगतात.

आणि तरीसुद्धा, वरच्या स्लॅबची वीज घेऊनसुद्धा, ही गाडी पेट्रोलपेक्षा खूपच स्वस्त पडते. आमची आधीची गाडी महामार्गावर लिटरला १८ द्यायची. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर किलोमीटरला ५ रुपये ७८ पैसे. अडीच हजार किलोमीटरचे साडेचौदा हजार रुपये. विजेचे ५,८६०. महिन्याला साडेआठ हजारांच्या वर शिल्लक. प्राध्यापकाच्या घरात ही रक्कम लहान नाही.

बाहेरच्या जलद चार्जरचं गणित निराळं. त्यांचे दर जागेप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बदलतात, पण महामार्गावर युनिटला २० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी धरून चला. २३ रुपये ६० पैसे झाले. सातने भागलं की किलोमीटरला ३ रुपये ३७ पैसे. सीएनजीची लहान गाडी किलोला २५ देते आणि किलोचा दर नव्वदीच्या आसपास, म्हणजे तिचे साडेतीनच्या थोडे वर. फार अंतर उरलं नाही. यामुळे ज्याच्याकडे स्वतःची पार्किंगची जागा नाही, घरी प्लग लावायची सोय नाही, आणि जो पूर्णपणे बाहेरच्या चार्जरवर अवलंबून राहणार आहे, त्याला मी पैशांच्या कारणासाठी ईव्ही घे असं सांगत नाही. सीएनजी पाच मिनिटांत भरून होतो (रांग नसेल तर), आणि इथे दहा ते ऐंशी टक्क्यांना तासभर जातो.

त्यात बाहेरच्या चार्जरांचा अनुभव सारखा नसतो. काही ठिकाणी गन लावली, ॲपवर बोट ठेवलं, जेवण होईपर्यंत काम झालं. पण शिरवळच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात, आम्ही सासूबाईंना डॉक्टरांकडे घेऊन निघालो होतो तेव्हा, चार्जर ॲपवर ‘उपलब्ध’ दिसत होता आणि प्रत्यक्षात बंद होता. पडदा काळा. तिथल्या मुलाने सांगितलं, आठवड्यापासून असाच आहे. फोन नंबरवर फोन केला तर त्यांनी तक्रार लिहून घेतली आणि आमच्या वॉलेटमधून पाचशे रुपये अडकवून ठेवले, ते चार दिवसांनी सुटले. प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप, प्रत्येकात वेगळं वॉलेट, प्रत्येकात थोडे थोडे पैसे पडून. माझ्या फोनवर अशी पाच ॲप आहेत. पेट्रोल पंपावर शंभराची नोट चालते, यूपीआय चालतं. चार्जरवरही थेट यूपीआय सगळीकडे चाललं पाहिजे, यात तंत्रज्ञानाची अडचण नाही, मनात आणण्याची आहे. रात्री एकटी बाई गाडी घेऊन अशा बंद चार्जरसमोर उभी असेल तर तिने काय करायचं, याचं उत्तर या कंपन्यांनी द्यायला हवं. म्हणून लांबच्या प्रवासाला मी नेहमी दोन थांबे ठरवून निघते, आणि पहिल्यावर पोहोचताना दुसऱ्यापर्यंत जाता येईल एवढी बॅटरी राखते.

घरच्या चार्जिंगबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे लोक पैसे वाचवायला जातात. गाडीबरोबर जो चार्जर येतो तो साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर चालतो, गिझरचा असतो तसाच. पण गिझर वीस मिनिटांत बंद होतो, गाडी सलग पाच-सहा तास तेवढाच करंट ओढते. स्वस्तातला सॉकेट, जुनी वायर, सैल स्क्रू, यातलं काहीही असलं की सॉकेट तापतो, प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी होतं. एक्स्टेन्शन बोर्डवर तर गाडी कधीच लावू नये.

आमचे वायरमनकाका जुन्या वळणाचे आहेत. त्यांनी आधी चार्जरला हातच लावला नाही. दोन वायरी जोडलेला बल्बचा होल्डर पिशवीतून काढला, एक टोक फेजला आणि एक अर्थिंगला लावलं. बल्ब मिणमिणला. ‘तुमच्या घराला अर्थिंग आहे, पण नावाला आहे,’ म्हणाले. आमचं घर १९८० च्या दशकातलं. त्या वेळी पुरलेला पाइप गंजून गेलेला होता. गाडीचा चार्जर अशा ठिकाणी लाल दिवा दाखवतो आणि चार्जिंग सुरूच करत नाही, आणि ते योग्यच आहे. मग नळाच्या कोपऱ्यात, जिथे जमीन ओली राहते, तिथे नवा खड्डा घेतला. सातारचा मुरूम फोडायला गड्याचा अख्खा दिवस गेला. नवा पाइप, कोळसा, मीठ, वर पाणी ओतायला तोंड. मीटरबोर्डपासून पार्किंगपर्यंत ४ एमएमची तांब्याची स्वतंत्र वायर, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), वेगळा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) आणि जाड पिनांचा औद्योगिक सॉकेट. पुन्हा बल्ब लावला तेव्हा तो लख्ख पेटला आणि काकांनी मान डोलावली. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचं काम मुलीकडे आहे. या सगळ्याला दहा हजारांच्या आत खर्च आला. मंजूर भारही वाढवून घ्यावा लागतो, कारण रात्री गिझर, मोटर आणि गाडी एकदम चालली तर जुना दोन किलोवॅटचा भार पुरत नाही. हे पैसे गाडीच्या किमतीतच धरा, त्यात काटकसर करू नका.

आता ४० पैशांची गोष्ट. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने पीएम सूर्यघर योजना आणली. छतावरच्या सौर पॅनेलला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येकी ३० हजार आणि तीन किलोवॅट किंवा जास्त असेल तर एकूण ७८ हजार रुपये अनुदान. आम्ही तीन किलोवॅट बसवलं. अनुदान वजा जाता आमच्या खिशातून १ लाख २० हजारांच्या आसपास गेले. तीन किलोवॅटमधून वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला १२ युनिटांच्या जवळपास वीज मिळते. महिन्याला साधारण ३५०-३६०. म्हणजे गाडीला लागते जवळजवळ तेवढीच.

‘पण मॅडम, ऊन असतं तेव्हा तुमची गाडी कराडला असते,’ असं विद्यार्थीही विचारतात. बरोबर. तिथे नेट मीटर कामाला येतो. दिवसा पॅनेलची वीज महावितरणच्या तारांमध्ये जाते, रात्री गाडी तारांमधून वीज घेते, आणि महिन्याच्या शेवटी दोन्हींची वजाबाकी होते. जास्त गेलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा राहतात आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशेब बंद होतो. एप्रिल-मे हे महिने कडक उन्हाचे आणि त्यातच आमच्या सुट्टीचे. त्यात जी युनिटं साठतात ती जुलै-ऑगस्टमध्ये संपतात, कारण साताऱ्याचा पाऊस सुरू झाला की पॅनेलं निम्म्यावर येतात. वर्ष एप्रिलला सुरू होतं हे आपल्या हवामानाला छान जुळलं आहे. ते जर जुलैला सुरू होत असतं तर आधी पावसाची तूट भरा आणि उन्हाळ्यातलं जास्तीचं सोडून द्या, असं झालं असतं.

१ लाख २० हजारांचा घसारा मी दहा वर्षांवर धरते, पॅनेलं त्याहून बरीच जास्त चालतात तरी. वर्षाला १२ हजार, भागिले ४,२०० युनिटं. युनिटला २ रुपये ८६ पैसे, किलोमीटरला ४१ पैसे. इथे एक गोष्ट फार थोडे लोक बोलतात. गाडी नसती तर आमच्या १८० युनिटांच्या घराला हे पॅनेल वसूल व्हायला सहा वर्षांच्या आसपास लागली असती. गाडीमुळे ते वरच्या स्लॅबची वीज वाचवतं, महिन्याला ५,८०० रुपयांची, आणि दोन वर्षांच्या आत पैसे वसूल होतात. सौर पॅनेलवाले गाडी नसलेल्यांच्या मागे लागतात आणि गाडीवाले पॅनेल नसलेल्यांच्या. दोघांनी एकत्र येऊन ग्राहकासमोर बसायला पाहिजे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना छत स्वतःचं नसतं. माझी नणंद पुण्यात कोथरूडला राहते, तिच्या सोसायटीत दोन वार्षिक सभा या विषयावर झाल्या. तिथे कामाला आली ती २०२४ च्या फेब्रुवारीतली केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांची दुरुस्ती. गाडी चार्ज करण्यासाठी स्वतंत्र वीजजोडणी मागण्याचा हक्क त्यात स्पष्टपणे दिला आहे, सोसायटीतल्या रहिवाशांनाही. महावितरणचा चार्जिंगसाठीचा दर वेगळा आहे. त्यात घरगुतीसारखे चढते स्लॅब नाहीत, स्थिर आकार वेगळा लागतो. घरी आधीच दोन-अडीचशे युनिटं जळत असतील आणि गाडी माझ्याएवढी चालणार असेल तर वेगळा मीटर घेणं नक्की परवडतं. गाडी महिन्याला पाचशे किलोमीटरच चालणार असेल तर वेगळ्या मीटरचा स्थिर आकार कशाला भरायचा, घरच्याच मीटरवर लावा. आणि घरी नवा स्मार्ट मीटर बसला असेल तर जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे ८० पैशांपासून सवलत आहे. दिवसा गाडी घरी असणाऱ्यांनी, निवृत्तांनी, रात्रीऐवजी दिवसाच चार्ज करावी.

टोलबद्दलही बरेच गैरसमज आहेत. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर विजेच्या कारना टोलमाफी आहे, अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाली. पण माझा तासवडे टोलनाका राष्ट्रीय महामार्गावर आहे. विजेच्या गाडीची हिरवी नंबरपाटी बघून तिथे कुणी सोडत नाही. माझी सोय झाली ती फास्टॅगच्या वार्षिक पासने. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या होत्या, म्हणजे नाका ओलांडायला १५ रुपये. रोज दोनदा जाणाऱ्याला हा पास वर्षभर पुरत नाही, पुन्हा घ्यावा लागतो, तरी फायदाच आहे. मात्र तो पेट्रोल गाडीलाही तितकाच मिळतो, तेव्हा विजेच्या गाडीच्या जमेला तो धरू नका.

घाटाचं विचारणारे बरेच असतात, तर कासचं उदाहरण देते. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, कासचं पठार बाराशेच्या. यवतेश्वरचा घाट चढताना टक्के भराभर उतरतात आणि सोबतच्यांचा जीव वरखाली होतो. पण चढाईचा हिशेब ठरलेला आहे. माणसांसकट चौदाशे किलोची गाडी पाचशे मीटर उचलायला दोन युनिटांच्या जवळपास लागतात, म्हणजे बॅटरीच्या आठ टक्के, सपाट रस्त्याला लागतो त्या खर्चाच्या वर. उतरताना ब्रेकऐवजी मोटरच गाडी अडवते आणि त्यातली निम्मी तरी वीज परत येते. वरून निघताना ६० टक्के होते आणि खाली साताऱ्यात पोवई नाक्याला ६१, असं मी पाहिलं आहे. घाटाच्या पायथ्याशी पेट्रोल गाड्यांच्या ब्रेकचा जो जळका वास येतो तो येत नाही. आमच्या गाडीचे ब्रेक पॅड अजून मूळचेच आहेत.

देखभाल स्वस्त आहे. ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, प्लग नाहीत, क्लच प्लेट नाही. कूलंट, ब्रेकचं ऑइल, एसीचा फिल्टर, वायपर, झालं. टायर मात्र लवकर झिजतात. बॅटरीमुळे गाडी जड असते आणि ताकद एकदम येते, त्यामुळे पुढच्या टायरवर जास्त ताण पडतो. दर दहा हजारांना टायर पुढे-मागे करून घ्यावेत आणि हवा आठवड्याला तपासावी. हवा कमी असेल तर किलोमीटरही कमी मिळतात. विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता विजेच्या गाड्यांना १५ टक्के कमी ठेवलेला आहे. या ताकदीच्या गाडीला २,९०४ रुपये, तर हजार ते दीड हजार सीसीच्या पेट्रोल गाडीला ३,४१६. पण गाडीची किंमत जास्त, म्हणून स्वतःच्या नुकसानीचा हप्ता जास्त. एकूण विमा थोडा महागच पडतो.

आता किंमत. पेट्रोलच्या टियागोपेक्षा ही गाडी बरीच महाग आहे. मोटार वाहन कर माफ असल्यामुळे (पेट्रोलच्या दहा लाखांच्या आतल्या गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के लागतो) अंतर कमी होतं, तरी रस्त्यावर येईपर्यंत तीन लाखांचा फरक मी धरते. महिन्याला साडेआठ हजार वाचत असतील तर तो तीन वर्षांत निघतो. सौर धरलं तर पॅनेलचे पैसे मिळवूनही अडीच वर्षांत. पण हे अडीच हजार किलोमीटरवाल्यांचं. स्टाफरूममधल्या एका मॅडमचं घर कॉलेजपासून चार किलोमीटरवर आहे. रविवारी कोयनेला किंवा पाटणला जाणं धरून महिन्याला पाचशे किलोमीटर. त्यांचा विजेचा खर्च किलोमीटरला १ रुपया ९० पैसे येईल, बचत महिन्याला १,९४०. तीन लाख वसूल व्हायला तेरा वर्षं. त्यांना मी स्पष्ट सांगितलं की पैसे वाचवायला घेत असाल तर घेऊ नका. शांत गाडी हवी, धूर नको, गिअर नको, म्हणून घ्यायची तर जरूर घ्या, ती कारणं माझ्या दृष्टीने पुरेशी आहेत.

सगळ्यात मोठा खर्च अजून बोलायचा राहिला, तो बॅटरीचा. वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. कमी चालवणाऱ्याला आठ वर्षं पुरी मिळतात. माझ्यासारखीला वर्षाला तीस हजार किलोमीटर होतात, म्हणजे सव्वापाच वर्षांतच वॉरंटीचा आकडा गाठला जाणार. ज्यांची बचत जास्त, त्यांचीच वॉरंटी लवकर संपते, हे गाडी घेताना कुणी सांगत नाही. आतापर्यंत रेंजमध्ये जाणवेल अशी घट नाही. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे, ती वारंवार चार्ज होण्याला टिकाऊ समजली जाते. मी रोज घरच्या हळू चार्जरवरच लावते, मधूनमधून पूर्ण १०० टक्के करते म्हणजे टक्क्यांचा अंदाज बरोबर राहतो, आणि जलद चार्जर फक्त लांबच्या प्रवासाला. तरीही गाडी घेतल्याच्या महिन्यापासून बचतीतले तीन हजार रुपये बँकेत आवर्ती ठेवीत टाकते. व्याज वेगळं, पण सव्वापाच वर्षांत मुद्दलच १ लाख ८९ हजार होते. बॅटरी ठीक राहिली तर ते पैसे मुलीच्या शिक्षणाला, नाही राहिली तर बॅटरीला.